हाकला, राहू द्या, पुतळा उभारा: मॅनेजरबद्दलची आपली मतं

बाकावरचा_राखीव | ७ जून २०२५

काल स्पर्सनी (टॉटनहॅम, आम्हा आर्सेनलवाल्यांचे लंडनमधले कट्टर शेजारी) आपला मॅनेजर अँज पोस्टेकोग्लू याला काढलं. युरोपा लीग उचलून जेमतेम सोळा दिवस झाले होते. १७ वर्षांनी क्लबला ट्रॉफी मिळवून दिली आणि हातात नारळ. आर्सेनलवाल्यानं यावर हसायचं नाही तर कोणी? मीही पोटभर हसलो. मग म्हटलं, इथल्या स्पर्सवाल्यांनी २०२३ मध्ये अँजची जी आरती ओवाळली होती ती शोधून काढू आणि एक झकास धागा टाकू. शोधायला गेलो आणि सापडलो मीच.

आर्सेनलचा मॅनेजर आर्टेटा, त्याच्याबद्दलचे माझेच जुने प्रतिसाद. शब्दही न बदलता देतोय, हसा.

डिसेंबर २०१९, नेमणुकीच्या दिवशी: "आपला माजी कॅप्टन, त्यात गार्डिओलाच्या हाताखाली साडेतीन वर्षं. डोळे मिटून पाठिंबा."

ऑगस्ट २०२०, एफए कप जिंकल्यावर (एमरी म्हणजे आर्टेटाच्या आधीचा मॅनेजर): "आठ महिन्यांत कप! एमरीला दीड वर्षात जमलं नाही ते. हा हट्टी आहे, पण असाच हवा."

डिसेंबर २०२०, टेबलमध्ये पंधरावे असताना: "क्रॉसवर क्रॉस, क्रॉसवर क्रॉस. आत हेडर मारायला आहे कोण? हट्टीपणाला काही सीमा?"

२८ ऑगस्ट २०२१, मँचेस्टर सिटीकडून ५-० खाल्ल्यावर: "आजच्या आज हाकला. सामान मागाहून पाठवा."

मार्च २०२३: "पुतळ्याचं माप घेऊन ठेवा."

मे २०२५, पीएसजीकडून सेमीफायनल हरल्यावर: "पाच वर्षांत एकही ट्रॉफी नाही. ह्याच्यानं आता पुढे जाणं नाही."

एकाच माणसाबद्दल एकाच माणसानं लिहिलंय हे. मला घूमजावाचं एवढं वाईट वाटत नाही, ते सगळेच मारतात. खटकलं ते वेगळंच. मी प्रत्येक वेळी कारण दिलंय, आणि "आपण हरलो म्हणून" हे कारण एकदाही दिलेलं नाही. क्रॉस, सब (खेळाडूबदल) उशिरा केले, तरुण पोरांवर विश्वास नाही, तरुण पोरांवर फार विश्वास... हट्टीपणा तर दोन्ही बाजूंना वापरलाय. कप जिंकला तेव्हा गुण, पंधरावे असताना दुर्गुण.

तुमचे जुने प्रतिसाद काढता का कोणी? हिंमत असेल तर.

---

डावीकडून_क्रॉस | ७ जून २०२५

राखीव, माझे मी काढणार नाही, संसार मोडेल.

पण तुझ्या हट्टीपणावरून आठवलं. क्लबवरच्या त्या माहितीपटात आर्टेटा ड्रेसिंग रूममध्ये चक्क एक दिवा घेऊन येतो. बल्ब. एकटा बल्ब काही कामाचा नाही, जोडला गेला तर प्रकाश, असं काहीसं समजावतो. आणि अॅनफील्डच्या मॅचआधी सरावाच्या मैदानावर मोठे स्पीकर लावून लिव्हरपूलचं गाणं वाजवतो, पोरांना त्या गोंगाटाची सवय व्हावी म्हणून. प्रत्यक्ष मॅच ४-० हरलो!

तेव्हा मी त्या स्पीकरवर इतकी हसले होते की विचारू नकोस. "हा मॅनेजर आहे की गॅदरिंगचा सूत्रसंचालक" हे माझंच वाक्य. दीड वर्षानं आपण टेबलमध्ये वर होतो तेव्हा तोच प्रसंग मी एका मैत्रिणीला "बघ, किती बारीक विचार करतो" म्हणून सांगितला. स्पीकर तेच, गाणं तेच, निकालही तोच ४-०. बदलला होता फक्त आपला टेबलमधला नंबर.

नंतर ती खिसेकापूंची बातमी आली. संघाच्या जेवणाला गुपचूप हातचलाखीवाले बोलावले आणि खेळाडूंची पाकिटं, मोबाइल मारायला लावले, सावध राहा हे शिकवण्यासाठी. मी म्हटलं, वा! यंदा १४ मॅच ड्रॉ केल्यावर तीच बातमी वाचली असती तर काय म्हटलं असतं ते लिहीत नाही, संपादक प्रतिसाद उडवतील.

---

लाल_सैतान | ७ जून २०२५

रुमाल टाकून ठेवतो. आर्सेनलवाले स्वतःच स्वतःची धुलाई करतायत, असा योग वारंवार येत नाही.

---

आकडेमोड | ८ जून २०२५

मला हा धागा पटलेला नाही. मत बदलणं हा गुन्हा असल्यासारखं का लिहिताय?

आर्टेटाचे लीगमधले पॉइंट बघा. २०१९-२० मध्ये संघाला ५६ (त्यातला अर्धा सीझन एमरी आणि हंगामी मॅनेजर युंगबर्गचा), मग ६१, ६९, ८४, ८९ आणि यंदा ७४. दोनदा आठवा, एकदा पाचवा, मग सलग तीनदा दुसरा. ज्याचे पॉइंट ६१ चे ८९ झाले त्याच्याबद्दल मत बदललं नसतं तर तो मूर्खपणा झाला असता. आणि ८९ चे ७४ झाल्यावर प्रश्न विचारले तर तेही रास्तच.

राखीवचं चुकलं असेल तर ते एवढंच की तो मॅचच्या रात्री लिहितो. २८ ऑगस्ट २०२१ चं उदाहरण घ्या. तीन मॅच, शून्य गोल, नऊ खाल्ले, टेबलमध्ये विसावे. दिसायला भयंकर. पण ब्रेंटफर्डविरुद्ध ओबामेयांग आणि लाकाझेत हे दोन्ही स्ट्रायकर आजारी, संघात कोविड, पुढच्या दोन मॅच चेल्सी आणि सिटीशी, आणि सिटीविरुद्ध शाका पहिल्या हाफमध्येच रेड कार्ड घेऊन बाहेर. त्या तीन मॅचवरून मॅनेजरबद्दल फारसं काहीच कळत नव्हतं.

आणि यंदाचंही तसंच. राइसला ब्रायटनविरुद्ध, ट्रोसारला सिटीविरुद्ध, सालिबाला बोर्नमथविरुद्ध रेड कार्ड. त्या तीन मॅचमध्ये सात पॉइंट गेले. पुढे जेझूसचा गुडघा गेला, हावर्ट्झचा हॅमस्ट्रिंग गेला, मेरिनोला स्ट्रायकर करून खेळवावं लागलं. आदल्या सीझनला लीगमध्ये ९१ गोल होते, यंदा ६९.

---

बाकावरचा_राखीव | ८ जून २०२५

आकडेमोडराव, आकडे मान्य. पण जानेवारीत स्ट्रायकर आणला नाही, तो निर्णयही मॅनेजरच्याच टेबलावरून गेला ना? हॅमस्ट्रिंग नशिबानं जातो, पण ज्या बेंचवर दुसरा नऊ नंबर (स्ट्रायकर) नाही तो बेंच नशिबानं बनत नाही.

(बघा, पुन्हा तेच करतोय मी. हरल्यावर कारण बरोब्बर सापडतं.)

---

जुना_हायबरी | ८ जून २०२५

पोरांनो, तुम्ही आर्टेटाची पाच वर्षं घेऊन बसलात. आम्ही आपल्या जुन्या मॅनेजरची, वेंगरची, बावीस पाहिली.

१९९६ ला तो जपानहून आला तेव्हा "हा कोण बुवा" हाच सगळ्यांचा प्रश्न. चष्मा, मास्तरसारखा चेहरा. १९९८ ला डबल (लीग आणि एफए कप दोन्ही), २००२ ला पुन्हा डबल, २००३-०४ ला ३८ मॅचमध्ये एकही हार नाही. तेव्हा कोणी त्याच्याविरुद्ध ब्र काढला असता तर आम्ही त्याला वाळीत टाकलं असतं. मग जुनं मैदान हायबरी सुटलं, नवं स्टेडियम आलं, त्याचं कर्ज आलं. दर उन्हाळ्याला एकेक मोहरा विकायचा आणि मे महिन्यात चौथा नंबर वाचवायचा. २००५ ते २०१४, नऊ वर्षं कप नाही. मँचेस्टरला युनायटेडकडून ८-२ खाल्ली ती २०११ ला. (सैतान, गप्प बस.)

आता माझी कबुली. मार्च २०१७, वेस्ट ब्रॉमची मॅच. ३-१ हरलो. मॅच चालू असताना वर आकाशात विमान आलं, मागे फलक, "वेंगर नको, नवा करार नको" अशा अर्थाचा. थोड्या वेळानं दुसरं विमान, त्यावर "आमचा आर्सेनवर विश्वास आहे". एकाच क्लबच्या चाहत्यांनी पदरचे पैसे घालून आकाशात भांडण केलं! मी त्या दिवशी पहिल्या विमानाच्या बाजूनं होतो. मनापासून.

एप्रिल २०१८ ला त्यानं जातोय म्हणून जाहीर केलं. मे महिन्यात बर्नलीविरुद्ध घरची शेवटची मॅच, ५-० जिंकलो, सगळं स्टेडियम उभं. मी टीव्हीसमोर रडलो. बायको म्हणाली, "अहो, तुम्हालाच तर हा नको होता ना?" मला उत्तर देता आलं नाही, अजूनही येत नाही.

२०२३ ला स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा बसला. फोटो बघताना मी विमानं आठवत होतो.

---

डावीकडून_क्रॉस | ८ जून २०२५

हायबरीकाका, काकू एका वाक्यात सगळा धागा आटोपून गेल्या.

---

कोंबडा_चेंडूवर | ९ जून २०२५

आलो. ज्याच्या सुतकावर हा धागा निघाला त्या घरचा माणूस.

राखीव, आरती ओवाळली होती हे खरंय. २०२३ ला पहिल्या दहा मॅचमध्ये २६ पॉइंट, नऊ खेळाडूंवर खेळतानासुद्धा बचावाची फळी हाफवे लाइनवर. चेल्सीविरुद्ध ती मॅच आम्ही ४-१ हरलो आणि तरीही स्टेडियमनं टाळ्या वाजवल्या. हरल्यावर टाळ्या! कारण तेव्हा आम्हाला त्याचा हट्ट आवडत होता. यंदा त्याच हट्टानं लीगमधल्या २२ मॅच घालवल्या, १७ वा नंबर आला, ३८ पॉइंट. तीच हाय लाइन, तीच वाक्यं.

एप्रिलमध्ये चेल्सीच्या मैदानावर त्यानं सब केला तेव्हा आमच्याच लोकांनी हुर्यो उडवली. तोच सब म्हणून आत आलेला सार थोड्या वेळात गोल मारतो आणि अँज आमच्या स्टँडकडे वळून कानाला हात लावतो, "काय म्हणालात?" आणि मग व्हीएआर (व्हिडिओ पंच) तो गोल रद्द करतो. यापेक्षा स्पर्स काय असतं सांगा.

पण मला सांगायचंय ते दुसरंच. मे २०२४, सिटीविरुद्धची आमची घरची मॅच. आम्ही जिंकलो असतो किंवा ड्रॉ केली असती तर तुम्ही चॅम्पियन होण्याची शक्यता होती. आमच्यातले बरेच जण उघडउघड हरायला बसले होते. मीही. २-० हरलो, आणि मला बरं वाटलं. मॅचनंतर अँज भयंकर चिडलेला, या क्लबचा पायाच ठिसूळ आहे असं काहीतरी बोलला. मला त्या रात्री त्याचा राग आला. आम्हाला शिकवतो का हा?

परवा काढल्यावर आठवलं की तो माझ्याबद्दलच बोलत होता. आपला मॅनेजर जिंकायला उभा आहे आणि मी शेजाऱ्याचं वाटोळं व्हावं म्हणून बसलोय.

बिल्बाओची युरोपा लीग फायनल काही सुंदर नव्हती. गोल आमच्या ब्रेननच्या पायाला लागून गेला की त्यांच्या शॉच्या अंगाला, ते आजही धड सांगता येत नाही. पण ४१ वर्षांनी युरोपातला कप आला. सीझनच्या सुरुवातीला तो म्हणाला होता की दुसऱ्या वर्षी मी नेहमी काहीतरी जिंकतो. आम्ही आठ महिने त्या वाक्याची टिंगल केली. त्यानं करून दाखवलं, आणि आम्ही त्याला काढलं, आणि खरं सांगू, काढायलाच हवं होतं. ही दोन्ही मतं माझी एकाच वेळी आहेत. आकडेमोड, हे कुठल्या रकान्यात टाकणार?

---

लाल_सैतान | ९ जून २०२५

कोंबडा, त्या फायनलचं नाव काढू नकोस, समोर आम्ही, मँचेस्टर युनायटेडवाले, होतो.

आमच्या जुन्या मॅनेजरचं, फर्ग्युसनचं, कोणी काढायच्या आत मीच काढतो. १९८९ च्या डिसेंबरात ओल्ड ट्रॅफर्डवर एक फलक लागला होता, तीन वर्षं सबबी ऐकल्या, आता टाटा, अशा अर्थाचा. त्याआधीच्या सीझनला ११ वे, त्या सीझनला १३ वे. जानेवारीत फॉरेस्टविरुद्ध कपची मॅच मार्क रॉबिन्सच्या गोलवर जिंकली, मे महिन्यात कप आला, आणि पुढे १३ लीग. ही गोष्ट आमच्यात आजी नातवाला सांगते.

आणि याच गोष्टीनं आमचं वाटोळं केलंय. २०१३ नंतर जो मॅनेजर आला त्याच्या प्रत्येक हारीला "फर्ग्युसनलाही वेळ दिला होता" हे मलम लावलं. टेन हागनं २०२४ चा एफए कप जिंकला, सगळे हळवे झाले, जुलैमध्ये करार वाढवला आणि २८ ऑक्टोबरला काढला. मी दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या. आता अमोरिम आहे, १५ वा नंबर आहे आणि पुन्हा कोणीतरी रॉबिन्सचा गोल सांगतोय. ज्यांना वेळ दिला आणि ज्यांनी तो मातीत घातला, त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही हो. एकाला वेळ दिला आणि तो फर्ग्युसन निघाला, म्हणून प्रत्येकाला द्यायचा?

---

आकडेमोड | ९ जून २०२५

सैतान +१. या धाग्यावरचा पहिला कामाचा प्रतिसाद, आणि तो युनायटेडवाल्याकडून यावा!

---

बाकावरचा_राखीव | १० जून २०२५

एमरीबद्दल कोणीच बोलत नाहीये. लाज वाटते ना सगळ्यांना? मला वाटते.

त्याच्या इंग्रजीची टर उडवली आपण. "गुड एबनिंग" म्हणून मीम करायचो. २०१८ ला त्याच्या हाताखाली सलग २२ मॅच हरलो नव्हतो तेव्हाही करायचो, पण तेव्हा लाडानं. बाकूमध्ये चेल्सीकडून ४-१ फायनल हरलो आणि तेच मीम विखारी झालं. नोव्हेंबर २०१९ ला फ्रँकफर्टविरुद्ध अर्धं रिकामं स्टेडियम, आणि दुसऱ्या दिवशी गडी घरी. माझं मत ठाम होतं: माणूस मोठ्या क्लबच्या लायकीचा नाही.

मग हा लायकी नसलेला माणूस २०२१ ला व्हियारेआल घेऊन आला, सेमीफायनलला आपल्यालाच बाहेर काढलं आणि युरोपा लीग जिंकला. नंतर अॅस्टन व्हिला. खाली घसरत चाललेला संघ उचलून २०२४ ला चौथ्या नंबरावर. आणि १४ एप्रिल २०२४, आपल्या मैदानावर, आपण टायटलच्या शर्यतीत, व्हिला २-० नं जिंकतो. शेवटी सिटीचे ९१ आणि आपले ८९. दोन पॉइंट!

त्या मॅचनंतर मी आर्टेटाला शिव्या घातल्या. एमरीची माफी काही मागितली नाही.

---

जुना_हायबरी | १० जून २०२५

आणि शाका? तोही मॅनेजरचाच हिशेब आहे.

ऑक्टोबर २०१९, पॅलेसविरुद्ध सब झाला तेव्हा आपल्याच स्टेडियमनं त्याची हुर्यो उडवली. त्यानं कानाला हात लावला, शर्ट काढून टाकला, थेट आत गेला. कॅप्टनशिप गेली. बॅगा भरून तयार होता, आर्टेटानं आल्या आल्या बसवून समजावलं, थांब. आम्ही म्हटलं, झालं, पहिलाच निर्णय चुकला. मे २०२३, वूल्व्हजविरुद्ध त्याची शेवटची मॅच, पंधरा मिनिटांत दोन गोल, आणि तेच स्टेडियम गात होतं की जाऊ नकोस.

---

डावीकडून_क्रॉस | १० जून २०२५

काका, रॅम्सडेलचं तर याहून गमतीदार आहे. २०२१ ला त्याला घेतला तेव्हा आपण काय काय बोललो! बोर्नमथबरोबर खालच्या लीगमध्ये गेला, शेफील्ड युनायटेडबरोबर खाली गेला, हा गोलकीपर आहे की पनवती. आर्टेटाला वेड लागलंय. मग तो लाडका झाला. मग सप्टेंबर २०२३ ला आर्टेटानं त्याला बसवून रायाला खेळवला आणि आपण म्हटलं, ह्याला माणसाच्या मनाची काही पडलीच नाही, वेड लागलंय. मग मार्चमध्ये पोर्तोविरुद्ध पेनल्टी शूटआउटला रायानं दोन अडवल्या.

मी त्या रात्री रॅम्सडेलचा चेहरा बघत होते. तो पळत जाऊन रायाला मिठी मारतोय. मला आनंद झाला आणि आर्टेटाचा रागही आला. निर्णय बरोबर होता म्हणून तो कमी निष्ठुर होतो का?

---

पंचाची_शिट्टी | ११ जून २०२५

मी कोणाचाच नाही, येताजाता वाचतो. लेस्टरचा मॅनेजर रानिएरी आठवला. मे २०१६ ला लेस्टर चॅम्पियन, सट्टेबाजांनी ५००० ला १ भाव दिलेला. २३ फेब्रुवारी २०१७ ला हाकलला, टायटलला वर्षसुद्धा झालं नव्हतं. सगळं जग हळहळलं, चाहतेही हळहळले. पुढची मॅच लिव्हरपूलशी, लेस्टर ३-१ जिंकलं. चार दिवसांत हळहळ ओसरली.

---

आकडेमोड | ११ जून २०२५

राखीवच्या आव्हानाला मान देऊन माझाच जुना प्रतिसाद. मे २०२२, स्पर्सकडून ३-० आणि लगेच न्यूकॅसलकडून २-० हरून आपण चौथा नंबर दोन पॉइंटांनी घालवला तेव्हाचा: "ओबामेयांगला जानेवारीत सोडला, बदली आणला नाही. हा निर्णय अक्षम्य आहे. आकडे खोटं बोलत नाहीत."

आणि वर याच धाग्यावर मी यंदाच्या जानेवारीचं खापर हॅमस्ट्रिंगवर फोडलंय. तीन वर्षांपूर्वी अक्षम्य, यंदा दुर्दैव. मधल्या काळात मला माणूस आवडायला लागला, बाकी काही नाही. कोंबड्यानं विचारलेल्या रकान्यात आधी मलाच बसवा.

---

कोंबडा_चेंडूवर | ११ जून २०२५

या, बसा. जागा आहे.

---

बाकावरचा_राखीव | १८ जून २०२५

वेळापत्रक आलं. पहिली मॅच १७ ऑगस्ट, ओल्ड ट्रॅफर्ड. सैतान, आहेस का?

---

लाल_सैतान | १८ जून २०२५

आहे. पैज लाव. अमोरिम हटाव की आर्टेटा हटाव, कुठला धागा आधी निघतो?

---

बाकावरचा_राखीव | १८ जून २०२५

माझा मसुदा तयार आहे. फक्त स्कोअर भरायचाय.

---

जुना_हायबरी | १८ जून २०२५

जिंकलो तर तोच मसुदा वापर, "हट्टी" शब्द तसाच ठेव.